खाऱ्या वाऱ्यातली मोटरसायकल आणि घरातली हत्यारं

किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गाडीचं इंजिन बिघडायच्या कितीतरी आधी तिचे नटबोल्ट बिघडतात. घाटावरच्या गाडीचा सायलेन्सरचा बोल्ट आठ-दहा वर्षांनीही सरळ सुटतो. मालवण, हर्णै किंवा मुरूडला पडवीत उभ्या असलेल्या त्याच मॉडेलचा बोल्ट तिसऱ्या-चौथ्या वर्षीच जागचा हलत नाही, आणि जोर केला की त्याचं डोकं तुटून हातात येतं.

याला कारण मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातले खारे तुषार सांध्यांत, आट्यांत, वायसरच्या खाली जाऊन बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि कोकणात पावसाळाभर तर सोडाच, एरवीही पहाटे हवा तेवढी दमट असते. म्हणजे गाडी पुसून कोरडी केली तरी फटीत राहिलेलं मीठ तिला रोज रात्री पुन्हा ओलं करतं. त्यात इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बारीकशी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी पूड आट्यांत फुगून बसते आणि बोल्ट जाम होतो.

त्यामुळे इथल्या हत्यारपेटीचं मुख्य काम एकच: जे आज सुटतंय ते पुढच्या वर्षीही सुटलं पाहिजे. खरेदी त्या हिशेबाने करायची.

पाने कुठले आणि किती

गाडीबरोबर सीटखाली येणारी हत्यारं रस्त्यात अडलात तर वापरायची, घरी नाहीत. तो पत्र्याचा फिक्स पाना मऊ असतो, तोंड लगेच फाकतं आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो.

घरासाठी पहिली खरेदी रिंग पान्यांची. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना चहूबाजूंनी. जाम बोल्टाला फिक्स पाना लावणं म्हणजे कोपरे घालवण्याची खात्री. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला फिक्स तोंड असलेला कॉम्बिनेशन पाना सगळ्यात सोयीचा: रिंगने ढिलं करायचं, फिक्सने भराभर फिरवायचं. ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ मिलीमीटर एवढे माप असले की बहुतेक गाड्यांचं काम भागतं. मागच्या आसाचा नट मॉडेलप्रमाणे १९, २२ किंवा २४ चा असतो. तो आपल्या गाडीचा मोजून तेवढा एकच मोठा पाना घ्या, अख्खा सेट घेऊ नका.

१२ आणि १३ यांत हमखास गल्लत होते. हिरो, होंडा, यामाहा या जपानी वळणाच्या गाड्यांत ८ मिलीमीटर जाडीच्या बोल्टाचं डोकं बहुधा १२ चं असतं, बाकी कित्येक गाड्यांत तोच बोल्ट १३ च्या डोक्याचा. १३ चा पाना १२ वर बसल्यासारखा वाटतो, थोडा खुळखुळतो, आणि जोर लावला की सटकतो. नट पान्यात हलत असेल तर माप चुकलेलं आहे किंवा नट झिजलेला आहे. दोन्ही वेळी तिथेच थांबायचं. जुन्या बुलेटच्या काही नटांना इंची पाने लागतात. तिथे मिलीमीटरचा जवळचा पाना ठोकून बसवण्याचा मोह आवरा.

दुसरी खरेदी गोटी पान्यांची, म्हणजे सॉकेटची. पेटीत चाळीस-पन्नास गोट्या असलेला चकचकीत सेट मोहात पाडतो, पण त्यातल्या निम्म्या गोट्या मोटरसायकलला कधीच लागत नाहीत आणि त्याचा रॅचेट पहिल्या जाम नटाला दात सोडतो. त्यापेक्षा आठ-दहा सुट्या गोट्या, एक लांब दांडा, एक एक्स्टेन्शन आणि साधा रॅचेट घ्या. गोटी सहा कोपऱ्यांची मागा, बारा कोपऱ्यांची नको. बारावाली पटकन बसते, पण फक्त टोकांवर जोर देते. गंजून बारीक झालेल्या डोक्यावरून ती घसरते. ८, १० आणि १२ चे टी-पाने असतील तर साइड पॅनल, बॅटरीचे बोल्ट, मडगार्ड यांना दुसरं काही लागत नाही.

क्रोम व्हॅनेडियम असं ठसठशीत कोरलेली चांगल्या नावाची हत्यारं घ्या. नाशिकची तपारिया रत्नागिरी, कणकवली, चिपळूणच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बाजारात ढिगाने विकले जाणारे पाने दिसायला तेवढेच चमकतात, पण त्यांचा मुलामा एका पावसाळ्यात सुटतो.

ॲलन-की ४, ५, ६ आणि ८ या मापांच्या, लांब दांड्याच्या घ्या. इथे हत्यारापेक्षा बोल्टाचा खड्डा महत्त्वाचा. त्या खड्ड्यात माती, मीठ आणि तांबेरा मिळून थर बसतो. तो दाभणाने खरवडून काढल्याशिवाय ॲलन-की पुरती आत जात नाही, वरच्या वर फिरते आणि षटकोनाचा गोल होतो.

स्क्रू ड्रायव्हरचीही अशीच एक गोम आहे. ज्याला आपण स्टार म्हणतो त्या फुलीच्या स्क्रूत दोन जाती आहेत. जपानी बनावटीच्या स्क्रूची फुली वेगळ्या मापाची असते आणि कित्येकदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. साधा स्टार ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि फुली कुरतडतो. कार्बोरेटरच्या वाटीचे आणि मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे स्क्रू असेच वाया जातात. दुकानात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा ड्रायव्हर मागा. नाहीच मिळाला तर साध्या ड्रायव्हरचं टोक किंचित घासून बोथट केलं की तो खोल बसतो. याच्या जोडीला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. ठोकला की एकाच वेळी आत दाबतो आणि फिरवतो. घाटावर याच्यावाचून चालतं, किनाऱ्यावर नाही.

बाकी सटरफटर: पक्कड, लांब चोचीची पक्कड, लॉक होणारी पक्कड, मध्यम हातोडी, तारेचा ब्रश, जुने टूथब्रश, नरसाळं, प्लग पाना. प्लग पाना आपल्या प्लगच्या मापाचाच हवा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना १६ चा लागतो, काहींना १८ चा, जुन्या गाड्यांना २१ चा. सुटे नटबोल्ट ठेवायला करवंट्या उत्तम. एका करवंटीत एकाच भागाचे बोल्ट, आणि जोडताना क्रम उलटा.

जाम झालेला बोल्ट

घाई इथे नडते, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी तारेच्या ब्रशने डोक्याभोवतीचा आणि उघड्या आट्यांवरचा तांबेरा साफ करा. आटे दुसऱ्या बाजूने बाहेर आलेले असतील तर ते आधी घासा, कारण नट त्याच गंजावरून बाहेर यायचा आहे. मग गंज सोडवणारं तेल मारा. डब्ल्यूडी-४० चालतं, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं द्रव्य आहे. गंजात खोल शिरण्यासाठी पेनिट्रेटिंग ऑईल म्हणून वेगळं मिळतं, ते जास्त बरं. काहीच नसेल तर डिझेल. मारलं आणि लगेच पाना लावला तर उपयोग शून्य. संध्याकाळी मारा, झोपायच्या आधी पुन्हा मारा, सकाळी काम करा.

सकाळी पाना लावण्याआधी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे आठ-दहा ठोके द्या. वाकडा ठोका नको, आणि ॲल्युमिनियमच्या कव्हरवर तर अजिबात नको. या ठोक्यांनी आट्यांतला गंज चुरतो आणि तेलाला वाट मिळते. पुष्कळ बोल्ट एवढ्यावरच सुटतात.

आता सहा कोपऱ्यांची गोटी किंवा रिंग पाना पुरता खाली बसवा आणि आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्या. टक् असा बारीक आवाज आला की पकड सुटली. मग उलट फिरवा. पाव फेरा सुटला की अर्धा पाव परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडवा. सलग सोडवत गेलात तर गंजाची पूड आट्यांत दाटते आणि बोल्ट अर्ध्यात तुटतो. हाताला रबरासारखा लवचिक प्रतिसाद जाणवायला लागला, म्हणजे पाना फिरतोय पण बोल्ट सुटत नाही, तर थांबा. तो बोल्ट पिळवटतोय, पुढचा क्षण तुटण्याचा.

तेल आणि ठोके पुरले नाहीत तर ऊब. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून इंजिन कव्हरचे बोल्ट गाडी दहा मिनिटं फिरवून आणल्यावर सैल होतात. सायलेन्सरच्या नटाला हॉट एअर गन चालते. टाकी, पेट्रोलची नळी, बॅटरी किंवा ब्रेकचा होज जवळ असेल तिथे गॅसची ज्योत लावायची नाही. तेल मारलेल्या जागीही नाही.

कोपरे गोल झालेच तर लॉक होणारी पक्कड करकचून लावा, किंवा हॅक्सॉने डोक्यावर खाच पाडून इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. बोल्ट आत तुटला तर घरचं काम संपलं. ड्रिल तिरकं गेलं की कव्हरचे आटे जातात. ते टर्नरकडे न्यावं.

सुटलेला बोल्ट तसाच परत लावू नका. आटे ब्रशने साफ करून, नखावर मावेल एवढं तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस त्यांच्यावर फिरवा. डबी महाग वाटते, पण पाच वर्षं पुरते. वंगण लावलेला बोल्ट कमी ताकदीत जास्त आवळला जातो, म्हणून नेहमीपेक्षा १५-२० टक्के हात आखडता ठेवा. ब्रेक डिस्कच्या बोल्टांना ग्रीस कधीच नाही. तिथे निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारं द्रव, लागतं. स्पार्क प्लगलाही नको, त्याच्या आट्यांवर बहुतेक वेळा आधीच मुलामा असतो.

किती आवळायचं याचा अंदाज असा: १० च्या डोक्याचा, ६ मिलीमीटर जाडीचा बोल्ट सुमारे १० न्यूटन-मीटर घेतो. म्हणजे नटापासून दहा सेंटीमीटरवर दहा किलोचं वजन टांगल्याइतका जोर. हा बोल्ट आवळताना पाना तोंडाजवळ, आखूड धरा. दांड्याच्या टोकाला धरून ओढलात की आटे गेलेच. ८ मिलीमीटरचा बोल्ट २० ते २५ घेतो. टॉर्क रेंच घेणार असाल तर ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा घ्या. घरी चुका लहान बोल्टांवरच होतात. काम झालं की त्याचा आकडा सगळ्यात खालच्या मापावर आणून ठेवा, आणि त्याने बोल्ट सोडवू नका.

चेन

कोकणात चेनला दोन वैरी. एक खारा वारा, दुसरा जांभ्याचा लाल धुरळा. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं ठासून भरलेली असतात. हा धुरळा तेलकट चेनवर बसला की त्याची पॉलिश पेपरसारखी लगदी होते आणि ती चेन व स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन्ही घासत राहते. म्हणून भसाभस तेल ओतलेली चेन कोरड्या चेनइतकीच लवकर जाते. जळकं इंजिन ऑईल चेनला लावण्याची जी सवय आहे, ती सोडलेली बरी. त्यात आधीच काजळी आणि धातूची पूड असते.

लागतं ते एवढं: डबल स्टँड (नसेल तर पॅडॉक स्टँड), ताठ केसांचा ब्रश, अर्धा कप डिझेल किंवा रॉकेल, चिंध्या, ९० नंबरचं गिअर ऑईल, पोलादी पट्टी. रॉकेल आता सहजी मिळत नाही, डिझेलने भागतं. पेट्रोल नको: ते ओ-रिंगवाल्या चेनच्या रबरी रिंगा खराब करतं आणि पडवीत एका ठिणगीचं निमित्त पुरतं.

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हाताने उलटं फिरवत ब्रशने चारही बाजू घासा. इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवत चेन पुसणं हा बोटं गमावण्याचा सरळ मार्ग आहे; चिंधी स्प्रॉकेटमध्ये ओढली जाते आणि तिच्याबरोबर बोट. घासून झाल्यावर चिंधीने कोरडी करा, अर्धा तास तशीच ठेवा. मग खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगाला, स्प्रॉकेटला टेकते त्या बाजूने, जुन्या टूथब्रशने गिअर ऑईल लावत दोन पूर्ण फेरे द्या. चाक फिरताना तेल आपोआप बाहेरच्या बाजूला जातं. पंधरा मिनिटांनी कोरड्या चिंधीने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. वरून चेन जवळजवळ कोरडी दिसली पाहिजे. हे दर ५०० किलोमीटरला. मिरग लागल्यापासून गणपतीपर्यंत २५०-३०० ला, आणि वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी.

ताण बघताना खालच्या चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून पट्टीने मोजा. साध्या गाड्यांना २० ते ३० मिलीमीटर हालचाल असते. नेमका आकडा चेन कव्हरच्या किंवा स्विंगआर्मच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत असतो. एकाच जागी मोजू नका. चाक पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागेवरून ताण ठरवा. कुठे १५ तर कुठे ४० येत असेल तर चेन असमान ताणली आहे. ती आवळून उपयोग नाही, पूर्ण चेनसेट बदला. नुसती चेन बदलली तर झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेन काही महिन्यांत खातं.

आवळताना कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली दुमडती पिन) काढा, आसाचा नट सोडवा (ड्रम ब्रेकच्या गाडीला काहींत आतला मोठा स्लीव्ह नटही), मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेऱ्याने सारखे फिरवा. दोन्हीकडच्या खुणा सारख्या रेघेवर आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि चेन एका बाजूने घासते. आसाचा नट आवळल्यावर ताण पुन्हा मोजा, कारण आवळताना तो बदलतो. कॉटर पिन नवी घाला. दहा पिना पेटीत पडून असू द्या. आणि विसरू नका: चाक मागे सरकलं म्हणजे मागच्या ड्रम ब्रेकची रॉडही ताणली. पायाच्या ब्रेकला २० ते ३० मिलीमीटर सैल खेळ उरतोय ना बघा, नाहीतर ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतो. चेनला कुलपाची कडी असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला हवं.

ऑईल, प्लग, हवा

ऑईल बदलायला १७ चा पाना किंवा गोटी (ड्रेन बोल्ट पुष्कळ गाड्यांत याच मापाचा), पसरट भांडं, नरसाळं आणि नवा वायसर पुरतो. गाडी पाच मिनिटं चालवून ऑईल कोमट करा, म्हणजे तळाचा गाळही निघून येतो. काही इंजिनांत ड्रेन बोल्टामागे स्प्रिंग आणि जाळी असते, ती भांड्यात पडू शकते. कुठलं टोक कुठे होतं ते आधी बघून घ्या. १०० ते १२५ सीसीच्या गाडीत साधारण ७०० मिलीलिटर ते एक लिटर ऑईल जातं, १५० च्या आसपास लिटरभर ते सव्वा लिटर. आकडा पुस्तिकेतला पाळा. डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं ऑईल घ्या. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. चारचाकीच्या ऑईलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवतात. जुनं ऑईल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. व्हाळात किंवा माडाच्या आळ्यात ओतलेलं ऑईल शेवटी विहिरीत उतरतं. ऑईल उघडल्यावर दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे: पुराच्या पाण्यातून गाडी घातल्याची ही खूण, आणि अशी गाडी स्टार्ट न करता आधी ऑईल बदलायचं.

प्लग थंड इंजिनवर काढा. काढण्याआधी त्याच्या खळग्यातली माती पंपाने फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलीमीटरच्या मधे येते. परत लावताना बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मग पान्याने नवा प्लग अर्धा फेरा, जुना फक्त अष्टमांश फेरा. दोन प्लगच्या पल्सरला दुसरा प्लग विसरला जातो, तो बघा.

हवेचा मीटर स्वतःचा ठेवा. पंपावरच्या मीटरचा भरवसा धरू नये. सकाळी, टायर थंड असताना मोजा. एकट्याने चालवायच्या साध्या गाडीला पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या आसपास. मागे माणूस बसणार असेल तर मागचा आकडा बराच वाढतो, तो स्टिकरवर असतो. व्हॉल्वला टोपी हवीच, नाहीतर आतली पिन मिठाने अडकते.

मल्टिमीटर स्वस्तातला डिजिटल चालतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ठणठणीत, १२.२ च्या खाली गेली तर चार्जिंग हवं. गाडी चालू करून रेस वाढवल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवेत. आकडा हललाच नाही तर दोष बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरी घेऊन पैसे घालवू नका. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. गाडी हळूहळू मंद लागते, हॉर्न बसल्यासारखा वाजतो, दिवे लुकलुकतात, हे किनाऱ्यावर बहुतेक वेळा बॅटरीचं दुखणं नसतं. कुठल्यातरी कनेक्टरमध्ये मीठ बसलेलं असतं. कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा.

धुणं आणि गाडी ठेवणं

पाणी गोडंच हवं. पुळणीजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्याने गाडी धुणं म्हणजे मीठ चोळणं. अशा वेळी एक बादली गोडं पाणी आणि स्पंज पुरे. जोराचा प्रेशर पाइप चाकांच्या बेअरिंगवर, चेनच्या रिंगांवर आणि कनेक्टरवर मारू नका. धुतल्यावर गाडी दहा मिनिटं चालवून ब्रेक दाबत आणा, ड्रम आणि डिस्क सुकतात.

प्लॅस्टिकचं आच्छादन घालून ठेवलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा जास्त गंजते, आत घाम धरतो. हवा खेळणारं कापडी आच्छादन घ्या. माडाखाली लावू नका, हे सांगायला नकोच. चाकरमान्यांच्या गाड्या शिमग्यापासून गणपतीपर्यंत उभ्या राहतात. त्यांना निघण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं, कार्बोरेटरवाल्या गाडीची वाटी खालच्या स्क्रूने रिकामी करणं आणि लोखंडी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवणं, एवढं करता येतं. अर्धी टाकी आतून गंजते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, त्यामुळे परत आल्यावर ते जुनं पेट्रोल शक्यतो वापरू नका.

घरी काय करू नये

फोर्कचे ऑईल सील, एबीएस असलेल्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढणं, इंजिन उघडणं, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या इंजेक्शनची दुरुस्ती. यातल्या शेवटच्याला स्कॅनर लागतो, अंदाजाने सेन्सर बदलणं महागात पडतं. डिस्क ब्रेकचं डॉट ४ द्रव दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतली ओल शोषतं. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. कॅलिपरच्या सरकत्या पिना मात्र घरी साफ करता येतात. त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साधं ग्रीस रबराला फुगवतं. पावसाळ्यानंतर ब्रेक एका बाजूने धरत असेल तर आधी याच पिना बघायच्या.

हत्यारं स्वतः गंजू नयेत म्हणून

पत्र्याची पेटी चिऱ्याच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली की पावसाळ्यात आतून पाझरल्यासारखी ओली होते. फळीवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या ओल्या झाल्या की मेच्या उन्हात किंवा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत घाला. काम झालं की प्रत्येक पाना शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. घामट हात लागलेला पाना तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे ठसे तांबेऱ्यात उमटलेले दिसतात. खोबरेल हाताशी असतं म्हणून ते लावू नका, कालांतराने चिकट होऊन धुरळा धरतं.

यातलं थोडं सीटखाली कायम असावं, कारण आंबोली किंवा कुंभार्लीच्या वळणावर गॅरेज नसतं: १०, १२ आणि १४ चे कॉम्बिनेशन पाने, आसाच्या नटाचा पाना, प्लग पाना आणि एक कोरा प्लग, क्लचची एक वायर, दोन फ्यूज, ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या पट्ट्या आणि छोटा पंप, डोक्याला लावायची बॅटरी. हे सगळं जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळा. खडखडत नाही, पाणी लागत नाही, आणि अंधारात बोल्ट पडू नये म्हणून तेच ट्यूब खाली अंथरता येतं.